नाय म्हाराजा

माझी नोकरी गेल्याचं ठेकेदाराने फोनवर सांगितलं, पण ती खरोखर गेली आहे हे मला माशावरून कळलं.

रेडीच्या बंदरात जहाजात खनिज भरायचं काम चालतं, तिथे मी एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो. शिमग्याच्या सुमाराला ठेका संपला आणि ठेक्याबरोबर मीही संपलो. घरी येऊन सांगितलं तेव्हा सगळे फार समजूतदारपणे वागले. आई म्हणाली, "जावंदे रे, जरा आराम कर." बाबा म्हणाले, "व्हता असा." मग आम्ही जेवायला बसलो. मी कमवायला लागल्यापासून सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात पडायची. त्या दुपारी ती माझ्या डोळ्यांदेखत माझ्या ताटावरून पुढे गेली आणि धाकट्या बहिणीच्या, गौरजाच्या, ताटात उतरली. माझ्या वाट्याला शेपटी आली. गौरजाने तुकडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाऊन टाकली.

पुढच्या महिन्यात सुरमई गेली, बांगडा आला. नंतर बांगडा गेला, बोटभर पेडवे आले. पेडव्याला मधली तुकडी नसते, त्यामुळे घरात पुन्हा समता नांदू लागली.

गौरजा मालवणात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आमचं घर आता त्या रक्तावर चालतं. बाबा पतपेढीत कारकून होते. पतपेढी बंद पडली तेव्हापासून ते घरी असतात. मी मात्र घरी बसलोय. घरी असलेल्या माणसाला सकाळी दुसरा चहा मिळतो, घरी बसलेल्याला "दूध संपला" असं सांगण्यात येतं. घरी असलेला माणूस शेजाऱ्याकडे जाऊन पेपर वाचतो, आणि घरी बसलेल्याने त्यातल्या नोकरीच्या जाहिराती का वाचल्या नाहीत म्हणून त्याला बोलतो.

मग माझी खोली गेली. आमच्या मागल्या दारी चंदनचं होमस्टे आहे. ते भरलं की उरलेले पर्यटक तो आमच्याकडे पाठवतो आणि आई त्यांना माझ्या खोलीत घालते. मी पडवीत झोपतो. मे महिन्यात एका सकाळी मी पडवीत डोळे चोळत बसलो होतो, तर माझ्याच खोलीतून माझाच टॉवेल खांद्यावर टाकून एक गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "दादा, चहा मिळेल का?" मी आत जाऊन चहा केला. त्यांनी खूश होऊन टिप दिली. आईने ती हातातून काढून घेतली. "गॅसाक झाले," म्हणाली. नोकरी गेल्यापासूनची माझी एवढीच कमाई, आणि तिचाही गॅस झाला.

हे सगळं मी सहन केलं असतं. अडचण गौरजाच्या लग्नाची होती.

तिचं कुडाळच्या देवेशशी ठरलं होतं. मुलगा बरा, पंखे-मिक्सरचं दुकान, हुंड्याबिंड्याचं नाव नाही. लग्न वैशाखात व्हायचं होतं. बाबांनी देवेशच्या घरी सांगितलं, "झिलाचा जरा बस्तान बसूंदे, मगे करूया." झिल म्हणजे मुलगा, म्हणजे मी. ऐकायला किती सभ्य वाटतं. खरी गोष्ट अशी की गौरजा कुडाळला गेली की तिचा पगारही कुडाळला जाणार, आणि मग आम्ही पेडव्यांवरून कशावर येणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. हे घरात कोणी उच्चारत नसे. सगळे फक्त माझ्याकडे बघत.

वैशाख गेला, पाऊस गेला, नवरात्र उठलं. आणि देवेशच्या आईचा फोन आला. तुळशीच्या लग्नाआधी तारीख सांगा, नाहीतर आम्हाला मोकळं करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरजा स्कूटरला किक मारत होती. बटणाने चालू व्हायचं त्या स्कूटरने मार्चमध्येच सोडलं होतं.

"गौरजा," मी म्हटलं, "मी बघतंय काय ता. खंय तरी लागतलंय."

"माका तुजी नोकरी नको," ती म्हणाली. "माका माजा लग्न व्हया."

"दोनय एकच आसत."

"ता कोणी ठरवल्यान?"

तेवढ्यात स्कूटर चालू झाली आणि ती गेली. मी उभाच होतो, तोवर कुंपणावरून हाक आली. "विश्वेशा! मोकळोच मां?"

ही आनंदीबाई. शेजारीण, वय कोणालाच नक्की माहीत नाही, बँकेलाही नाही. आमच्या गावात रिकामा तरुण ही सार्वजनिक मालमत्ता असते, विहिरीसारखी. ज्याला लागेल तो येऊन दोर सोडतो. कोणाचा सिलिंडर आणायचा, कोणाच्या पोराचा फॉर्म भरायचा, कोणाला माझ्या जुन्या मोटरसायकलवरून ओरोसला सरकारी दवाखान्यात न्यायचं, भजनाच्या बुवांना आणायचं, पोचवायचं, पुन्हा विसरलेल्या चष्म्यासाठी आणायचं. सगळ्यांचं वाक्य एकच, "तू काय, मोकळोच." मी इतका मोकळा होतो की मला दुपारी जेवायला वेळ मिळत नसे.

आणि नोकरी मिळायची वेळ आली नव्हती असं नाही. श्रावणात गोव्याच्या एका कारखान्याने फोनवर व्हिडिओने मुलाखत ठेवली होती. नेमकी त्याच सकाळी आनंदीबाईला पेन्शनसाठी बँकेत जिवंत असल्याचा दाखला द्यायचा होता. लवकर आटपेल म्हणून मी नेलं. पण आयुष्यभर कालवं फोडून तिच्या अंगठ्याची रेघ न् रेघ पुसली गेलेली, यंत्र काही तिला ओळखेना. साहेब म्हणाला, "यंत्राच्या मते या नाहीत." एवढ्यात माझा फोन वाजला. मी बँकेच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. समोरचे साहेब म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. मी सुरुवात केली, तर माझ्या खांद्यावरून आनंदीबाईचं डोकं पडद्यात आलं.

"ह्यो मोठो सायब मां? सायबानू, बघा, मी जिती आसंय! ह्येंका सांगा!"

गोव्याच्या साहेबांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग मुलाखत बंद झाली. आनंदीबाई मात्र दुपारपर्यंत जिवंत ठरली. आम्हा दोघांपैकी एकाचं तरी काम झालं, असं तीच परतीच्या वाटेवर म्हणाली.

तर देवेशच्या आईच्या फोनानंतर आईने जाहीर केलं, "येत्या सोमवारी देवाक गाऱ्हाणा घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावाने मिळून देवापुढे ठेवलेलं मागणं. देवळात नारळ ठेवतात, मानकरी मोठ्या आवाजात एकेक वाक्य बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" लहानपणापासून इतकी सवय असते की मानकरी श्वास घ्यायला थांबला तरी लोक होय म्हणतात.

"आये, आख्ख्या गावासमोर कित्याक?" मी म्हटलं. "देवाक घरात सांगूक येणा नाय?"

"घरात सांगून बघलंय. सात म्हयने झाले."

आमच्याकडे मानकरी म्हणजे गणपतकाका. बाबा त्यांच्याकडे तयारीसाठी गेले आणि पतपेढीतल्या सवयीप्रमाणे माझी संपूर्ण माहिती दिली. शिक्षण, टक्के, अनुभव, अपेक्षित पगार.

गणपतकाका म्हणाले, "टक्के कित्याक? देव काय मेरिट लिस्ट लावता?"

"असूंदे. मागसून शंका नको."

सोमवारी संध्याकाळी देवळात ही गर्दी! गावात दुसरं काही नव्हतं आणि माझ्याबद्दल सगळ्यांना आपुलकी होती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. गौरजा लॅबमधून थेट आली होती. देवासमोर पाटावर नारळ, आणि नारळाशेजारी मी. गणपतकाकांनी घसा साफ केला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो तुजो झिल विश्वेश आज तुज्या दारात उभो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"शिकलेलो आसा, सवरलेलो आसा, पण घरात बसलेलो आसा!"

"व्हय म्हाराजा!!"

हा होकार मला जरा जास्तच मनापासून वाटला.

"तेका बरीशी नोकरी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायला हवं होतं. पण आनंदीबाई पुढे सरकली आणि कुजबुजीच्या नावाखाली साऱ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गणपता, लांबची नको हां. माका बँकेत कोण व्हरतलो?"

गणपतकाका न्यायी माणूस. भाविकाचं मागणं गाळायचं नाही ही त्यांची रीत. "पण म्हाराजा, ती नोकरी हयच जवळपास दी!"

"व्हय म्हाराजा!"

"सकाळची नको," चंदन म्हणाला. "सकाळी पावण्यांका बसस्टॉपवरसून आणूचा आसता."

"सकाळची नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दुपारी सिलिंडर!" मागून कोणीतरी.

"दुपारी तेका जरा सवड दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सांजचा भजन आसता."

"सांजेक तेका भजनाक सोड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी हिशेब केला. राहिली रात्र. रात्रपाळीचा पहारेकरी तरी होता येईल असं मनात येतंय तोच दुसरा म्हणाला, "आणि दशावताराच्या रातीक जनरेटर तोच बघता." गणपतकाकांनी तेही घातलं, सगळे हो म्हणाले. देवाकडे आता मला द्यायला काही उरलं नव्हतं. ज्या नोकरीसाठी गाव देवाला साकडं घालत होतं ती मी गेले सात महिने करतच होतो, फक्त पगाराचा उल्लेख राहून गेला होता. मी काकांची बाही ओढली. ते म्हणाले, "गप रव. मधीच बोलू नये." माझ्याच गाऱ्हाण्यात बोलायची परवानगी नसलेला असा मी एकटाच होतो.

मग बाबा उठले. बाबा कधी पुढे येत नाहीत. ते काकांच्या कानाशी वाकले आणि खरोखरच हळू बोलले. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पण रीत ती रीत.

"आणि म्हाराजा, झिलाचा बस्तान बसापर्यंत चेडवाचा, गौरजाचा, लगीन फुडल्या वर्साक जावंदे, आणि कुडाळच्या मंडळींच्या मनात तसाच घाल!"

"व्हय म्हा..."

"नाय म्हाराजा."

आवाज मोठा नव्हता. पण त्या देवळात ते अक्षर पूर्वी कधी उमटलं नसावं, कारण ते भिंतींनाही नीट परत करता आलं नाही. सगळे बायकांच्या बाजूला वळले. गौरजा उभी होती. लॅबचा पांढरा कोट अजून अंगावर होता.

गणपतकाका म्हणाले, "गो बाय, गाऱ्हाण्यात नाय म्हणनत नाय."

"मी म्हटलंय."

"माज्या बापाशीच्या टायमाकसुदा कोणी म्हणूक नव्हता."

"तेच्या टायमाक तुमी असला कायतरी मागूकय नसतलास."

देवळात कुजबुज झाली. एक जण म्हणाला, एक 'नाय' आणि बाकी 'व्हय', म्हणजे गाऱ्हाणं बहुमताने पास. दुसरा म्हणाला, ही काय ग्रामसभा आहे? आनंदीबाईला काळजी नारळाची, की आता तो फोडायचा की दुकानदाराला परत द्यायचा. आई डोक्यावर पदर घेऊन खाली बघत होती. बाबा जिथे वाकले होते तिथेच वाकलेले राहिले.

"गौरजा," बाबा म्हणाले, "घरात बोलूया."

"घरात कोण बोलता, बाबा? घरात सगळे जेवतत." ती पुढे आली. "गणपतकाका, अर्धा गाऱ्हाणा ठेवूचा नसता मां?"

"नसता. देव ताटकळता."

"मगे फुडचा मी सांगतंय."

बाईमाणसाने गाऱ्हाणं सांगावं की नाही यावर काका विचार करत होते. त्यांना विचार करायला वेळ लागतो. गौरजाने तेवढ्यात सुरुवात केली, आणि सूर तिने हुबेहूब काकांचाच लावला. इतकी वर्षं ऐकत होती.

"बा देवा म्हाराजा! माजा लगीन तुळशीच्या लग्नामागसून पयल्या मुहूर्ताक व्हवंदे!"

"व्हय म्हाराजा!" साऱ्या देवळाने म्हटलं. सूर बरोबर लागला की तोंड आपोआप उघडतं. कान मागून पोचतात.

"माज्या भावाक ज्येनी ज्येनी कामाक लावल्यानी, तेंका तेची मजुरी देवची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

चंदनने हो म्हटलं आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. आनंदीबाईने शेजारणीला विचारलं, "काय म्हटल्यान ता?"

"आणि आमच्या घरातल्या दोनय पुरुषांका काम मिळांदे म्हाराजा! दोनय!"

आता लोक सावध झाले होते. आवाज फुटला, पण विस्कळीत, इथून एक, तिथून एक. त्यात एक आवाज माझ्या अगदी जवळून आला. बाबांचा. सवयीने. हो म्हणून झाल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण देवासमोर म्हटलेलं हो परत घ्यायची कुठे खिडकी नसते.

गणपतकाकांनी नारळ फोडला. दुसरं ते काय करणार.

त्या रात्री जेवताना बाबाच म्हणाले, "म्हणजे चेडू जातला."

"व्हय," गौरजा म्हणाली.

"मगे घर कसा चलतला?"

"माका म्हायत नाय, बाबा. माका म्हायत आसता तर मी वैशाखातच गेलंय असतंय."

आई उठून आत गेली. आतून भांडी जरा जोरात वाजली. मग ती बाहेर आली आणि देवेशच्या आईला फोन लावायला तिने गौरजाकडे मोबाइल मागितला. आईच्या मोबाइलमधले पैसे संपलेले होते.

गावाने देवळातला होकार पाळला, हे सांगायला हवं. देवाला घाबरणारी माणसं. पण रोकड कोणी दिली नाही. आनंदीबाईने मागच्या सगळ्या फेऱ्यांबद्दल कोकमाची बरणी आणून दिली. भजनवाल्यांनी नारळ आणले. सिलिंडरवाल्या घरातून केळ्यांचा घड आला. चंदनने एक जिवंत कोंबडा पाठवला, तो पडवीत माझ्या शेजारी झोपायला लागला आणि पहाटे मला उठवायला लागला. बँकेत जाऊन विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की यातलं काहीही खात्यावर भरता येत नाही. आई कोंबड्याकडे बघून म्हणाली, "पयलो पगार." ती हसली की काय ते मला कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी उठलो, म्हणजे कोंबड्याने उठवलं, तर बाबा दारात उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायांत चपलांऐवजी बूट.

"गाडी काढ," ते म्हणाले. "मालवणाक जावया."

"कोणाचा काम आसा?"

"माजा."

बाजारात माशांना बर्फ पुरवणारा एक व्यापारी आहे. त्याच्याकडे हिशेबाला माणूस हवा असल्याचं बाबांनी पेपरात वाचलं होतं. शेजाऱ्याच्याच पेपरात. मी गाडी बाहेर लावली आणि उभा राहिलो. आत बाबांचा आवाज येत होता, शुद्ध पुस्तकी मराठी, पतपेढीतली. "मी लेखा विभागात काम पाहत होतो. होय. नाही. संगणक शिकून घेईन." मग बराच वेळ समोरचा माणूसच बोलत होता. वितळलेल्या बर्फाचं पाणी दारातून बाहेर येत होतं आणि मी त्यातून पाय उचलत बाजूला सरकत होतो.

बाबा बाहेर आले. बूट भिजले होते. गाडीपाशी येऊन ते थांबले, पण बसले नाहीत.

"तो काय म्हणालो?" मी विचारलं.

"मधली वर्षां काय करत होतास, असा विचारल्यान."

"मगे?"

"मगे काय. गप रवलंय." मासळीचा एक टेम्पो गेला, त्याच्या मागे मांजरं गेली. "तुका पण असाच विचारतत?"

"दर खेपेक."

"आणि मागसून 'आम्ही कळवतो' म्हणतत?"

"व्हय."

"किती दिवसांनी कळवतत?"

बाबांनी हे इतक्या प्रामाणिकपणे विचारलं की मला विनोद सुचला नाही. "बाबा," मी म्हटलं, "ते कळवनत नाय."

त्यांनी मान हलवली. रागावलेले वाटले, पण माझ्यावर नाही, आणि ही गोष्ट माझ्यासाठी इतकी नवी होती की मी गाडी चालू करायची विसरलो. मग ते मागे बसले, बुटातलं पाणी एका बाजूने झटकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"चल. बाजारात आणि दोन-तीन पेढये आसत, थय विचारूया. तू पण चल आत, दोघांचाय विचारूया. शर्टाक इस्त्री मारलेली आसा, फुकट कित्याक घालवची?"